स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन बदलायचं ठरवताय? आधी या चुका टाळा

वळणात गाडी जास्त कलते, ब्रेक मारला की नाक खाली जातं, खडबडीत रस्त्यावर मागचं टोक उडतं. यातलं एखादं जाणवलं की मन थेट कॉइलओव्हरकडे (उंची बदलता येणाऱ्या शॉक-स्प्रिंगच्या जोडीकडे) धावतं. पण आपण गाडीचा स्वभाव बदलायला निघालोय की तिच्या दुखण्यावर इलाज शोधतोय, हे आधी ठरायला हवं. कारखान्यातून निघाली तेव्हा ती अशीच होती, की आता थकली आहे? याचं उत्तर हातात नसताना घेतलेला निर्णय बहुतेक वेळा चुकतो.

थकलेल्या गाडीवरून मूळ सस्पेन्शनला नावं ठेवणं

माझ्याच गाडीचं सांगतो. दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, सुमारे नव्वद हजार किलोमीटर झालेली. जोरात ब्रेक लावला की स्टिअरिंग डावीकडे ओढायचं आणि लांब वळणात पुढचं टोक एकदा हलून मग स्थिर व्हायचं. शॉक (स्प्रिंगचे हेलकावे आवरणारा तेलाचा नळा) आणि स्प्रिंग दोन्ही बदलायचे, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मागच्या बुशपाशी (सांध्यातल्या रबरी नळीपाशी) टॉमी (लोखंडी पहार) लावली आणि हलकेच दाबली. आर्म बोटभर सरकला! बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर आतल्या नळीभोवतीचं रबर अर्ध्या वर्तुळात फाटलं होतं. ब्रेक लागला की अख्खं चाक मागे सरकत होतं आणि त्याचा कोन बदलत होता. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, अलाइनमेंट केलं (चाकांचे कोन जुळवले) आणि माझ्या दोन्ही तक्रारी संपल्या. त्याच फाटक्या बुशवर मी महागडे शॉक बसवले असते, तर गाडी तशीच ओढत राहिली असती आणि दोष नव्या शॉकवर आला असता.

म्हणून गाडी वर घेतलीच आहे तर बुश, बॉल जॉइंट, अँटी-रोल बारच्या (कल रोखायला डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक आणि शॉकचे वरचे माउंट हाताने आणि टॉमीने तपासून घ्या. शॉकवर नुसता ओलसर धुळीचा थर असेल तर काळजी नको, पण तेलाचा ओघळ दिसला तर तो शॉक गेला. टायरवर तळहात फिरवा. रबरावर ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे लागले, तर शॉक चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाही अशी शंका घ्यायला जागा आहे. बॉनेट दाबून गाडी किती वेळा डोलते ते मोजण्यावर मात्र विसंबू नका. त्या चाचणीत पूर्ण मेलेला शॉकच सापडतो, अर्धा थकलेला सहज पास होतो.

टायर आणि अलाइनमेंटवरून उडी मारणं

टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं. अशा टायरवर कुठलंही सस्पेन्शन बसवलं तरी रस्त्याची पकड परत येत नाही. हवा टायर थंड असतानाच तपासा.

अलाइनमेंट करताना आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्या. ‘केलंय’ या तोंडी उत्तराचा उपयोग नाही. पुढचा टो (वरून पाहताना चाकांचं आत-बाहेर वळलेलं असणं) थोडा जरी बाहेरच्या बाजूला गेला असेल, तरी गाडी सरळ रस्त्यावर भिरभिरते. ही भिरभिर शॉकची म्हणून कितीतरी जणांनी पैसे घालवलेत.

कडक म्हणजे चांगलं, हे गृहीत धरणं

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

१२०० किलोची गाडी घ्या. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर. १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) एवढ्या जोराने वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर ४०० किलो भार जातो. स्प्रिंग दुप्पट कडक केले तरी तो जवळपास ४००च राहतो. गाडी कलते कमी, ड्रायव्हरला बरं वाटतं, पण बाहेरच्या टायरवरचं ओझं तेवढंच असतं. कडकपणाने बदलते ती या भाराची पुढच्या आणि मागच्या चाकांतली वाटणी. पुढचा अँटी-रोल बार जाड केला की पुढच्या चाकांची पकड लवकर सुटते आणि अंडरस्टीअर (स्टिअरिंग फिरवूनही गाडी हवी तेवढी न वळणं) वाढतो. मागचा जाड केला की मागचं टोक लवकर फिरतं. पावसात याचा धोका जास्त.

कडकपणाची किंमत मोजावी लागते ती खडबडीत डांबरावर. चाक उंचवट्यावरून गेल्यावर झटकन खाली येऊन रस्ता धरायला हवं. स्प्रिंग फार कडक असेल तर चाकासोबत गाडीच उचलली जाते, टायरवरचा भार सारखा वर-खाली होतो आणि सरासरी पकड कमी होते. १९८९ मध्ये आलेली पहिली माझदा एमएक्स-५ वळणात चांगली कलते, तरीही चालवायला सुंदर आहे. तिला चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आहेत आणि गाडी कलली तरी टायर रस्त्यावर नीट टेकून राहतो. २०१७ मध्ये आलेल्या अल्पाइन ए११० चं वजन सुमारे ११०० किलो. तिचेही स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेत आणि चाकाच्या वर-खाली हालचालीच्या शेवटी हायड्रॉलिक (तेलावर चालणारे) स्टॉप दिलेत. या गाड्या बनवणाऱ्यांना कडक स्प्रिंग लावता आले नसते असं थोडंच आहे!

दिसण्यासाठी गाडी खाली आणणं

वरच्याच गाडीचा गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटर खाली आणा. ४०० किलोंच्या जागी ३८० किलो भार सरकेल. फायदा आहे, पण एवढाच. त्या बदल्यात चाकाला वर यायला मिळणाऱ्या जागेतून तेवढेच अडीच सेंटिमीटर जातात, आणि पुष्कळ गाड्यांत ही जागा मुळातच बेताची असते. मॅकफर्सन स्ट्रट (खाली एकच आर्म आणि वर शॉक-स्प्रिंगचा खांब) असेल तर आणखी एक घोळ होतो. लोअर आर्मचा उतार बदलून रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि गाडीला कलायला उलट जास्त जोर मिळतो. मग तो कल रोखायला आणखी कडक स्प्रिंग लागतात.

किती जागा शिल्लक आहे हे बघायची एक सोपी युक्ती आहे. शॉकच्या चकचकीत दांड्यावर प्लास्टिकची केबल टाय घट्ट बसवा आणि ती खाली सीलपर्यंत सरकवून ठेवा. धुळीचं रबरी कव्हर असेल तर ते आधी वर करावं लागेल. मग नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने एक फेरी मारा. शॉक जास्तीत जास्त दबला तिथवर टाय दांड्यावर सरकलेली दिसेल. ती बम्प स्टॉपला (शॉकची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) जाऊन भिडली असेल, तर गाडी आहे त्या उंचीवरच सगळी जागा वापरतेय. काही गाड्यांत बम्प स्टॉप मुद्दाम स्प्रिंगसारखा वापरलेला असतो, त्यामुळे तो हलकासा टेकणं म्हणजे बिघाड नव्हे. पण भर वळणात तो जोरात आदळला की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट होतो आणि टायरची पकड सुटते. उलटे बसवलेले मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक असतील तर ही युक्ती चालत नाही.

अर्धाच बदल करणं

जुन्या शॉकवर फक्त खाली आणणारे कडक स्प्रिंग, हा सर्वाधिक होणारा अर्धवट बदल. स्प्रिंग ५० टक्के कडक केला तर हेलकावे तितकेच आवरायला शॉकचा जोर साधारण २२ टक्के वाढवावा लागतो. आधीच थकलेला शॉक तो कुठून आणणार? गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉक असतील तर साधे बसवल्यावर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो आणि ड्रायव्हिंग मोडचा निम्मा उपयोग संपतो. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो. जुने भाग जपून ठेवा.

मग बदलावं कधी?

टायर, बुश, अलाइनमेंट सगळं ठीक असताना तीच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तेव्हा. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांनंतर शॉकमधलं तेल तापून गाडी डोलायला लागते. मूळ कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा झुकाव) पुरत नाही म्हणून टायरची बाहेरची कड खाल्ली जाते आणि मधलं रबर तसंच राहतं. ही खरी कारणं आहेत. दुसऱ्या कारणासाठी कधीकधी हा झुकाव बदलू देणाऱ्या नुसत्या कॅम्बर प्लेट पुरतात. आपली तक्रार एका वाक्यात कागदावर लिहा. कुठल्या वेगाला, वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना, सगळं त्यात यायला हवं. हे वाक्य लिहिता येत नसेल तर अजून थोडे दिवस गाडी चालवा.

चांगले भाग चुकीचे बसवणं

बहुतेक बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पक्के आवळले की आतली नळी त्याच स्थितीत धरली जाते. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडीचा भार चाकांवर आल्यावरच हे बोल्ट टॉर्क रेंचने शेवटचे आवळायचे. उंची बदलली असेल तर ढिले करून पुन्हा आवळायचे. बसवून घेताना हे समोर उभं राहून बघा. इथे घाई झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

अलाइनमेंट उंची ठरवल्यानंतरच करा, आधी नको.

कॉइलओव्हरवर शॉकचा कडकपणा टप्प्याटप्प्याने बदलणारं क्लिकचं बटण असेल तर सगळ्यात कडक बाजूने मोजायला सुरुवात करा आणि आकडा लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू, पुढची किंवा मागची, दोन क्लिकने बदला आणि त्याच रस्त्यावर पुन्हा फेरी मारा. अशा बटणांवरच्या ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ या शब्दांचा गाडीच्या वेगाशी संबंध नाही. तो शॉकच्या दांड्याचा वेग असतो. वळणात गाडी सावकाश कलते तेव्हा लो स्पीड काम करतं, आणि तीस किलोमीटरच्या वेगाने खड्ड्यात चाक आदळलं तरी ते हाय स्पीड. खड्डे बोचतात म्हणून लो स्पीड ढिलं केलं, तर खड्डे बोचतच राहतील आणि वर गाडीही डोलायला लागेल.