नेव्ही ब्लू घालायचा कसा: शेड, कापड, बटणं आणि बाकी सगळं

नेव्ही ब्लू सूट किंवा ब्लेझर घ्यायचं ठरवलं असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, इथे रंगापेक्षा कापडाचा पोत जास्त महत्त्वाचा. गडद निळ्यावर डिझाइन फारसं उठून दिसत नाही, त्यामुळे बघणाऱ्याची नजर थेट कापडावर जाते, ते गुळगुळीत आहे की खरबरीत, चमकतंय की नाही, आणि बहुतेकांचं गणित तिथेच फसतं.

सुरुवात शेडपासून करा. दुकानातल्या लाइटखाली नेव्ही, काळा आणि चारकोल (कोळशासारखा गडद करडा) यांच्यात फरकच कळत नाही, म्हणून कापड घेऊन दारात उजेडात या, शेजारी पक्कं काळं काहीतरी धरा (मोबाइलचं कव्हर पण चालेल) आणि मग बघा. निळेपणा लगेच कळला पाहिजे, पण अंगावर यायला नको. फार उजळ घेतला तर तो रॉयल ब्लूकडे झुकतो आणि फारच गडद घेतला तर तो मिडनाइट ब्लू होतो, ज्याची खरी जागा म्हणजे संध्याकाळचं डिनर जॅकेट. कृत्रिम उजेडात काळं कापड कधीकधी हिरवट-करडं मारतं, मिडनाइट ब्लू मात्र चक्क काळ्याहून काळा दिसतो, आणि ड्यूक ऑफ विंडसरने (गादी सोडलेला ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड) हा रंग लोकप्रिय केला तो याच गुणामुळे. पहिलाच नेव्ही असेल तर मधली शेड घ्या, विषय संपला.

आता ठरवा की सूट हवाय की ब्लेझर, कारण दोन्हीची कामं एकाच जॅकेटकडून करून घ्यायची म्हटली की घोळ होतो. सुटाचं कापड म्हणजे वर्स्टेड, बारीक धाग्याचं, गुळगुळीत लोकरी कापड. त्याचं नुसतं जॅकेट जीन्सवर किंवा चिनोजवर चढवलं की पँट लाँड्रीत अडकली म्हणून माणूस असाच निघून आलाय असं वाटतं, आणि वर जॅकेट सारखं वापरून पँटपेक्षा आधी झिजतं ते वेगळंच. ब्लेझरला पोत लागतो. हॉपसॅक बघा, चटईच्या विणीचं कापड असतं, हातात घेऊन उजेडासमोर धरलं की धाग्यांच्या मधली बारीक भोकं दिसतात, त्यातून हवा खेळते म्हणून उकाड्यात बरं पडतं, आणि चुरगळतही कमी. थंडीत घालायचा असेल तर फ्लॅनेल (मऊ, किंचित लव असलेलं लोकरी कापड) किंवा जाडसर सर्ज (तिरक्या विणीचं लोकरी कापड). माझं विचाराल तर एकच नेव्ही जॅकेट घ्यायचं असेल तर डोळे झाकून हॉपसॅक.

बटणांचं काय? हा रंग मुळात युनिफॉर्मचा, ब्रिटिश नौदलाने १७४८ साली ऑफिसर लोकांसाठी गडद निळा युनिफॉर्म ठरवला आणि नाव तिथूनच चिकटलं, त्यामुळे पितळी बटणं लावली की ब्लेझर लगेच क्लबवाला नाहीतर गणवेशवाला दिसायला लागतो. कोणाला ते आवडतं, जरूर लावा, पण मग चकचकीत सोनेरी नको, जरा मंद झालेलं पितळ बरं. रोज वापरायचं असेल तर शिंगाची तपकिरी बटणं लावून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे आणि जॅकेटचा चेहराच बदलतो.

पँट. ब्लेझरखाली मध्यम करडी फ्लॅनेल ही जोडी कधीच दगा देत नाही, उन्हाळ्यात फिकट करडी पातळ वूल नाहीतर खाकी, क्रीम कॉटन. वेगळ्या कापडाची नेव्ही पँट मात्र अजिबात नको, दोन निळे जवळपास जुळतात पण पूर्ण जुळत नाहीत आणि ते दुरूनही कळतं. काळी पँटही टाळा, जॅकेट धड निळं दिसत नाही आणि पँट धड काळी दिसत नाही.

शर्ट पांढरा किंवा फिकट निळा, इथे फार डोकं लावू नका. टायमध्ये गंमत आहे. नेव्ही सुटावर नेव्ही टाय चालतो का, तर हो, पण ग्रेनेडाइनसारखा जाळीदार विणीचा, म्हणजे रंग एक असला तरी पोत वेगळा राहतो आणि टाय सुटात हरवत नाही. तसाच गुळगुळीत सॅटिनचा घेतलात तर सगळा एकच निळा गोळा दिसेल. त्यापेक्षा गडद मरून घ्या. खिशात पांढरा रुमाल पुरे.

बूट गडद तपकिरी किंवा ऑक्सब्लड (काळपट लालसर), एकदम फॉर्मल प्रसंगाला काळे. फिकट टॅन बूट गडद सुटाखाली घातले की समोरचा बोलताना तुमच्या पायांकडेच बघत बसतो. मोजे पँटच्या रंगाचे, पोटरीपर्यंत येणारे, बसल्यावर नडगी दिसायला नको.

राहिली निगा. नेव्हीवर धूळ, केस, कापसाचे तंतू सगळं दिसतं, त्यामुळे कपड्यांचा ब्रश दाराजवळच ठेवा आणि बाहेर पडताना खांदे आणि कॉलरची मागची बाजू झटका. इस्त्री थेट फिरवली की वूल चकाकायला लागतं, ती चकाकी नंतर सहसा जात नाही, म्हणून वर ओलसर सुती फडकं टाकूनच इस्त्री करा. आणि सूट ड्रायक्लीनला टाकताना पँट एकटी मळली असली तरी जॅकेटही बरोबर द्या, नाहीतर काही धुण्यांनंतर दोघांचे निळे वेगळे पडतात आणि तो सूट पुन्हा सूट म्हणून घालता येत नाही.