कॉलेज फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमन व्हायचं तर

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला जे अडीच-तीन सेकंद मिळतात, ते पुढे उभे राहणारे पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन मिळवून देतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. अमेरिकेत हायस्कूलला असलेला, अंगापिंडाने थोराड मुलगा यातली एखादी जागा धरू पाहत असेल, तर घरच्यांनी एवढं आधीच समजून घ्यावं की या जागेवरचा खेळाडू घडायला वेळ लागतो. घाई केली की गुडघे तरी जातात, नाहीतर शिक्षण.

पहिली पायरी अभ्यासाची. डिव्हिजन १ साठी, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटासाठी, एनसीएएला (कॉलेज खेळांची नियामक संस्था) हायस्कूलमधले १६ कोअर कोर्स, म्हणजे ठरावीक मुख्य विषय, आणि त्यांत किमान २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो. त्यांतले १० कोर्स बारावी सुरू होण्याआधी पुरे व्हायला हवेत आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत. हे १० कोर्स बारावीत पुन्हा करून ग्रेड वाढवता येत नाही. पुष्कळ मुलं इथंच अडकतात. म्हणून मान्य कोर्सची यादी नववीतच शाळेच्या काउन्सेलरकडून मागून घ्या.

आता खेळ. पास ब्लॉक करताना, म्हणजे क्वार्टरबॅककडे धावून येणाऱ्यांना अडवताना, सगळी भिस्त पायांवर असते. उजव्या टॅकलचंच घ्या. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला, की उजवा पाय मागे आणि थोडा बाहेर सरकतो. जोर मात्र डाव्या पायाचा. पाऊल जमिनीपासून जेमतेम सुटावं आणि दोन पायांतलं अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा कमी होऊ नये. पाय जवळ आले की समोरचा छातीवर दोन्ही हात मारून सरळ मागे लोटतो. खांदे लवकर बाहेर वळवले तर आतली वाट मोकळी होते, आणि क्वार्टरबॅकपर्यंत जायची सगळ्यात जवळची वाट तीच. हातांचं गणित वेगळं: कोपरं बरगड्यांजवळ, अंगठे वर, तळवे समोरच्याच्या छातीवर. हात त्याच्या खांद्याबाहेर गेले की पंचाला जर्सी ताणलेली दिसते आणि होल्डिंगचे, म्हणजे धरून ठेवल्याच्या दंडाचे, १० यार्ड जातात. डोकं पुढे घालून वाकायची सवय तर आधी मोडा. तिने तोल जातो आणि मानेला धोका असतो. यार्डाच्या रेषेवर उभं राहून पाच किक, म्हणजे वर सांगितलेली मागे सरकायची पावलं, घ्या, दर किकनंतर थांबून पाय बघा, आणि बाजूने मोबाइलवर चित्रण करा. रन ब्लॉकमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देताना, पहिलं पाऊल सहा इंचांचंच हवं. ते लांब पडलं की अंग वर उठतं आणि जोर संपतो.

वजनाबाबत संयम ठेवा. मोठ्या कॉलेजांतले बहुतेक लाइनमन ३०० पौंडांच्या, म्हणजे १३६ किलोंच्या पुढे असतात. पण हायस्कूलमध्ये महिन्याला दीड-दोन किलोंपेक्षा जास्त वाढवलं तर चरबी चढते आणि पाय मंदावतात. मराठी शाकाहारी घरात वरण-भातावर एवढी प्रथिनं भरून निघत नाहीत. पनीर, दही, सोया, चालत असतील तर अंडी, हे प्रत्येक जेवणात हवं. पावडर घेतलीच तर डब्यावर ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ची खूण पाहा. कॉलेजात उत्तेजकांची चाचणी होते आणि भेसळीची सबब चालत नाही.

कॉलेजच्या प्रशिक्षकांसाठी हडल या खेळांच्या व्हिडिओंच्या संकेतस्थळावर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ ठेवा. स्नॅपआधी स्वतःवर बाण दाखवा, चांगले प्रसंग सुरुवातीलाच घाला आणि प्रत्येक प्रसंग शिट्टी वाजेपर्यंत दाखवा. सोबत एक पूर्ण सामनाही द्या, जाणकार प्रशिक्षक तोच बघतो.

कॉलेज निवडताना नावापेक्षा लाइन कोचला आणि तुमच्या जागेवर पुढे कितीजण आहेत त्याला महत्त्व द्या. पहिल्या वर्षी रेडशर्ट मिळाला, म्हणजे खेळायचा एक मोसम राखून ठेवण्यासाठी बहुतेक सामन्यांत बाहेर बसवलं, तर वाईट वाटून घेऊ नका. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही तो मोसम वाया जात नाही, आणि लाइनमनला ते वर्ष वजन आणि तंत्र कमावायला फार मोलाचं असतं. खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या समझोत्यानंतर तो स्वीकारलेल्या कॉलेजांना संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय शिरकाव अवघड झाला आहे. नियम सतत बदलतात, म्हणून कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसकडून (नियमांचं पालन बघणारं कार्यालय) लेखी उत्तर घ्या.

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींसाठी वापरू देऊन पैसे कमावता येतात. पण मुलगा एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय अशा करारावर सही करू नका. हे उत्पन्न कामात धरलं गेलं तर व्हिसाच धोक्यात येतो.

कॉलेज बदलण्याआधी क्रेडिट मोजा. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के भाग पुरा लागतो, आणि नव्या कॉलेजने जुने कोर्स धरले नाहीत तर मैदानात उतरताच येत नाही.

एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी (संघांनी नवे खेळाडू निवडायची फेरी) हायस्कूल संपून तीन वर्षं व्हावी लागतात. हात ३३ इंचांपेक्षा आखूड असले तर टॅकलला बहुधा गार्डवर हलवतात. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच गार्ड आणि सेंटरचा सराव ठेवा, आणि सरावानंतर रोज पन्नास शॉटगन स्नॅप, म्हणजे काही पावलं मागे उभ्या क्वार्टरबॅककडे जाणारे स्नॅप, टाका. पुढे संधी मिळाली नाही, तर संघ सोडण्याआधीच तिथल्या आहारतज्ज्ञाकडून वजन उतरवायचा आराखडा लिहून घ्या, कारण व्यायाम थांबला तरी भूक तशीच राहते.