गायतोंडे यांच्या चित्रांचा अभ्यास कसा करावा: कलाविद्यार्थ्यांसाठी

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांच्या चित्रांनी भारावलेला विद्यार्थी बहुतेक वेळा एकच चूक करतो. तो करडं किंवा पिवळसर धूसर कॅनव्हास रंगवतो, मधोमध दोन-चार गूढ आकार ठेवतो आणि थांबतो. चित्र दुरून गायतोंड्यांसारखं दिसतं, जवळ गेल्यावर त्यात काहीच सापडत नाही. कारण त्यांच्या चित्रातली धूसरता हा रंग नसून थरांचा परिणाम आहे. प्रभाव घ्यायचाच असेल तर चित्र कोणत्या क्रमाने घडलं तो क्रम घ्यावा. चेहरा तेवढा उचलून भागत नाही.

हे त्यांच्याच वाटचालीवरून दिसतं. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयातून 1948 साली पदविका घेतल्यानंतरच्या त्यांच्या सुरुवातीच्या कामावर भारतीय लघुचित्रांचा ठसा आहे. पुढे स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांचा प्रभाव आला आणि रेषा, चिन्हवजा आकृत्या दिसू लागल्या. 1950च्या दशकाच्या अखेरीस आकृत्या विरघळल्या, पण रंगांची एकमेकांशी जुळणी करण्याची शिस्त टिकली. क्ले यांचं काय सोडलं आणि काय ठेवलं, हे ओळखायला त्या दशकातली दोन-तीन चित्रं सालवार समोर ठेवा. या सगळ्या अभ्यासात हा भाग सर्वात फळ देणारा आहे, आणि नेमका तोच वगळला जातो.

आधी पाहणं

मूळ चित्र पाहिल्याशिवाय ब्रश धरू नका. मोबाइलच्या फोटोत पातळ थर आणि चकाकीतला फरक उतरत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकोल्सन संग्रहात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. मांडणी बदलत असते, म्हणून जाण्याआधी चौकशी करा.

एकाच चित्रासमोर अर्धा तास द्या. तीन मीटरवरून फक्त उजेड-सावलीचं वजन पाहा: सर्वात गडद जागा कुठे आहे, आणि ती कडेपासून किती दूर आहे? मग एक मीटरवर या आणि आकारांच्या कडा पाहा. काही कडा फाटक्या कागदासारख्या असतात, काही पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या-खरवडायच्या बोथट सुरीने) खरवडलेल्या, काही रंगात बुडालेल्या. शेवटी बाजूला उभं राहून तिरक्या नजरेने पृष्ठभाग पाहा. कुठे तेलाची चमक आहे, कुठे मॅट आहे, हे तिथूनच कळतं. वहीत पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत पेन्सिलीच्या फक्त पाच छटांत चित्र उतरवा. रंगांची नावं लिहू नका. थरांचा अंदाज लिहा: खाली काय, वर काय.

मग हात

गायतोंडे 1960च्या दशकापासून ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफवर भर देऊ लागले. फाडलेले कागद लावून रंग चढवणं-उतरवणंही त्यांच्या पद्धतीत होतं. सरावासाठी 12 बाय 16 इंचाचे सहा बोर्ड पुरेत. प्रत्येकावर गेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या. हात वाळला की 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, नाहीतर रोलर गुठळ्यांवरून उड्या मारतो.

पहिला थर: रॉ अंबर (तपकिरी तेलरंग) एक भाग, टर्पेंटाइन साधारण दीड भाग. अंबर लवकर वाळतो, म्हणून तो तळाला. टर्पेंटाइन याहून फार वाढवलं तर रंगाला धरून ठेवायला तेल उरत नाही आणि वाळल्यावर बोटाला भुकटी लागते. बोर्ड दोन-तीन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात याच्या दुप्पट वेळ धरा.

दुसरा थर रोलरचा. काचेवर ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा टिटॅनियम व्हाइट नाइफने मिसळा, चार इंची मऊ रबरी रोलर त्यावर सगळ्या दिशांनी फिरवा. बारीक, एकसारखा चर्र आवाज आला की थर पुरेसा पातळ झाला. चिकट, फाटल्यासारखा आवाज म्हणजे रंग जास्त. तो रोलरच्या कडांकडे सरकतो आणि बोर्डावर दोन समांतर रेघा उठतात.

रंग ओला असतानाच कोऱ्या न्यूजप्रिंटचे हाताने फाडलेले तुकडे ठेवा, तळव्याने दाबा आणि पाचेक मिनिटांत उचला. कात्रीने कापलेल्या कागदाची कड ताठ येते, डोळा तिथेच अडकतो. छापील वर्तमानपत्राची शाई टर्पेंटाइनने सुटून रंगात उतरू शकते. आणि कागद रात्रभर राहिला तर तो चित्राचाच भाग होतो. उचललेल्या जागी खालचा अंबर डोकावेल. ती जागा आवडली म्हणून लगेच दुसरी करू नका. बोर्ड पूर्ण वाळू द्या. अर्धवट वाळलेल्या थरावर रोलर फिरवला की तो खालचा रंग उपटून घेतो.

तिसरा थर पारदर्शक: अल्ट्रामरीन (निळा) किंवा व्हिरिडियन (हिरवा), सोबत जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग. यात पांढरा मिसळला की थर दुधाळ होऊन खालचं सगळं झाकून टाकतो. वरच्या प्रत्येक थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं. उलट झालं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि भेगा पडतात.

खिडक्या उघड्या ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाणी घातलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

प्रभावातून पुढे

पहिले तीन बोर्ड याच पद्धतीने करा. चौथ्यात पद्धत तीच ठेवा, रंग मात्र तुमच्या रोजच्या परिसरातले घ्या: जांभा, गिरणीची भिंत, उसाचं पाचट, जे असेल ते. पाचव्यात रोलर काढून टाका आणि थर देण्याचं दुसरं साधन शोधा. सहाव्यात हवं ते करा, फक्त आकार मधोमध ठेवू नका. गायतोंड्यांच्या उभ्या कॅनव्हासवर आकार वेगवेगळ्या उंचीवर तोलले जातात, आणि रिकाम्या जागेलाही त्यांच्याइतकंच वजन असतं. तोल साधला का, हे पाहायला बोर्ड उलटा धरा. एक बाजू ओढली जात असेल तर नवा आकार घालण्याआधी असलेला एक नाइफने खरवडून पाहा.

काम झालेले बोर्ड दोन आठवडे भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग सगळे एका ओळीत लावा. चौथ्यानंतरचे बोर्ड पहिल्या तिनांपेक्षा वेगळे ओळखू येत नसतील, तर पाचवा पुन्हा करा. अडखळण बहुधा तिथेच असते.

प्रत्येक बोर्डाच्या मागे तारीख, थरांचा क्रम, तेलाचं प्रमाण आणि ‘गायतोंडे यांच्या पद्धतीवरून अभ्यास’ असं स्पष्ट लिहा. त्यांची सही गंमत म्हणूनही करू नका. वॉर्निश किमान सहा महिन्यांनी लावा.