सीओ-पीओ अटेनमेंट: आकडा उत्तरपत्रिकेपर्यंत मागे नेता आला पाहिजे

एनबीएच्या, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, व्हिजिटमध्ये एक्सपर्ट कोर्स फाइल उघडतो, 'सीओ२ – १.२' या आकड्यावर (विषयाचं दुसरं उद्दिष्ट, म्हणजे कोर्स आउटकम, ३ पैकी किती साध्य झालं) बोट ठेवतो आणि समोर बसलेल्या शिक्षकाला विचारतो, "हा कुठून आला?" सगळी परीक्षा या एका प्रश्नात असते. शीटमधून प्रश्नावर, प्रश्नावरून गुणयादीवर आणि गुणयादीवरून एखाद्या उत्तरपत्रिकेच्या पानावर दोन मिनिटांत जाता आलं, तर पुढची चर्चा शिकवण्यावर होते. नाही आलं, तर उरलेला दिवस एक्सेलवर जातो.

भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून अभियांत्रिकी पदवीच्या मूल्यांकनात 'किती शिकवलं' मागे पडलं आणि 'मुलाला काय करता येतं' पुढे आलं. संलग्न महाविद्यालयांच्या, म्हणजे टिअर-दोनच्या, अनेक वर्षं चाललेल्या एसएआर (महाविद्यालयाने एनबीएला द्यायचा स्वयंमूल्यमापन अहवाल) आराखड्यात १००० पैकी १२० गुण तिसऱ्या निकषाला आहेत आणि त्यातले १०० नुसत्या सीओ व पीओ (प्रोग्रॅम आउटकम, म्हणजे पदवीअखेर मुलाला काय करता यायला हवं) अटेनमेंटला, म्हणजे ते किती साध्य झाले त्याला. नव्या आराखड्यात पीओ १२ वरून ११ झाले. समाज आणि पर्यावरण हे दोन वेगळे पीओ एकत्र आले आणि पुढचे क्रमांक सरकले. त्यामुळे आपण कोणत्या आराखड्यावर अर्ज करतोय हे आधी ठरवा. मॅपिंग म्हणजे कोणता सीओ कोणत्या पीओशी किती जोडलाय ते १, २, ३ ने दाखवणारा तक्ता; जुन्या मॅपिंगमधला पीओ८ आणि नव्यातला पीओ८ एक नाहीत. फक्त क्रमांक कॉपी केले की एथिक्सचे गुण टीमवर्कच्या रकान्यात जाऊन बसतात.

सीओ लिहिताना

एका विषयाला चार ते सहा सीओ पुरतात. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ते छापलेले असतात, पण बऱ्याचदा 'समजून घेणे', 'ओळख होणे' अशा क्रियापदांनी. 'समजलं' हे मोजता येत नाही. 'काढतो', 'तुलना करतो', 'निवडतो आणि कारण देतो' हे मोजता येतं. छापील सीओ धरून डिपार्टमेंटच्या बैठकीत शब्द नेमके करून घ्या आणि त्याचं इतिवृत्त ठेवा.

हीट ट्रान्सफरचं उदाहरण घेऊ. 'क्रिटिकल रेडियसची व्याख्या द्या' हा पाठांतराचा प्रश्न झाला (क्रिटिकल रेडियस म्हणजे ज्या बाहेरच्या त्रिज्येला उष्णतेचा ऱ्हास सर्वात जास्त असतो ती). त्याऐवजी असं विचारा: इन्सुलेशनची वाहकता ०.१५ वॅट प्रति मीटर-केल्विन, बाहेरचा संवहन गुणांक १० वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन. २ मिलिमीटर त्रिज्येची वायर आणि २५ मिलिमीटर त्रिज्येचा पाइप, दोघांवर हेच इन्सुलेशन चढवलं तर उष्णतेचा ऱ्हास कुठे वाढेल, कुठे घटेल? मुलगा ०.१५ भागिले १० करून ०.०१५ मीटर, म्हणजे १५ मिलिमीटर, क्रिटिकल रेडियस काढतो. ही झाली गणिताची पायरी. वायरची त्रिज्या त्याहून लहान, म्हणून तिथे इन्सुलेशन चढवत गेल्यावर एकूण त्रिज्या १५ मिलिमीटर होईपर्यंत ऱ्हास वाढतो. पाइप आधीच त्यापलीकडे आहे, म्हणून घटतो. ही विश्लेषणाची पायरी. सीओमध्ये 'विश्लेषण करतो' लिहिलं असेल आणि सगळे प्रश्न व्याख्यांचे असतील, तर अटेनमेंट ३ येऊनही उपयोग नाही. प्रश्नपत्रिका बघताच एक्सपर्टला ते कळतं.

मॅपिंगमध्ये हात आखडता ठेवा. हीट ट्रान्सफरचा संबंध अभियांत्रिकी ज्ञानाशी आणि समस्या-विश्लेषणाशी घट्ट आहे, प्रयोग असतील तर अन्वेषणाशीही आहे. एथिक्सशी नाही. 'रकाना रिकामा दिसतो' म्हणून १ टाकायची सवय पुढे महागात पडते, कारण टाकलेल्या प्रत्येक आकड्याचा पुरावा मागितला जातो. १, २, ३ कशावरून दिले याचा नियम लेखी हवा. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, २०१८ च्या परीक्षा-सुधारणा धोरणात प्रत्येक पीओ आधी क्षमतांमध्ये आणि मग निर्देशकांमध्ये फोडून दाखवला आहे. त्यातल्या किती निर्देशकांना आपला सीओ खरोखर हात घालतो यावरून आकडा ठरवणं सगळ्यात सोपं आणि बचाव करता येईल असं आहे.

गुण नोंदवताना होणारी गफलत

निम्म्या चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

प्रत्येक उपप्रश्नापुढे गुण, सीओ आणि ब्लूमची पातळी (आठवणे, समजणे, विश्लेषण अशी विचाराची पायरी) छापा, आणि एका उपप्रश्नाला एकच सीओ द्या. उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावर उपप्रश्नांचे वेगळे चौकोन करा. १० गुणांच्या प्रश्नात 'अ' सीओ१ चा आणि 'ब' सीओ२ चा असेल आणि शिक्षकाने नुसते '७' लिहिले, तर त्या ७ मधून कुठलाच सीओ बाहेर काढता येत नाही. नंतर अंदाजाने वाटणी केली जाते आणि ती पकडली जाते.

आता पर्यायी प्रश्न. वर्ग ६४ जणांचा, चाचणीत 'प्रश्न ३ किंवा प्रश्न ४', दोन्ही सीओ२ चे, १० गुणांचे. थ्रेशोल्ड, म्हणजे सीओ जमला असं धरायला लागणारे किमान गुण, ६० टक्के, म्हणजे ६ गुण. प्रश्न ३ सोडवला ४१ जणांनी, त्यात ६ किंवा जास्त मिळाले २७ जणांना. प्रश्न ४ सोडवला २० जणांनी, त्यात १६ जणांना. तिघे गैरहजर. बरोबर हिशोब असा: २७ आणि १६ मिळून ४३, भागिले ६१, म्हणजे ७०.५ टक्के. ६०-७०-८० टक्क्यांच्या पातळ्या धरल्या (इतक्या टक्के मुलांनी थ्रेशोल्ड गाठला तर अनुक्रमे लेव्हल १, २, ३) तर लेव्हल २. चुकीचा हिशोब प्रत्येक प्रश्नाला ६४ ने भागतो: ४२.२ टक्के आणि २५ टक्के, सरासरी ३३.६, लेव्हल शून्य. मुलं तीच, उत्तरं तीच, फक्त भाजक चुकला.

याचं मूळ बहुतेक वेळा एक्सेलच्या एका सवयीत असतं. न सोडवलेल्या प्रश्नाच्या चौकोनात शून्य टाकलं जातं. सोडवून शून्य मिळालं तरच शून्य लिहा. सोडवलाच नसेल तर चौकोन रिकामा ठेवा. गैरहजराला 'एबी' लिहा. म्हणजे 'काउंट' फक्त आकडे मोजतो आणि 'काउंटइफ' थ्रेशोल्डवरचे मोजतो. कुणी गुण टेक्स्ट म्हणून पेस्ट केले असतील तर 'काउंट' ते गाळतो, म्हणून शेवटी भाजक हजेरीशी ताडून बघा.

गैरहजर धरायचे की नाही? ४३ भागिले ६४ केलं तर ६७.२ टक्के, म्हणजे लेव्हल २ ची १ होते. दोन्ही पद्धतींचं समर्थन करता येतं. मात्र एका विषयात एक आणि दुसऱ्यात दुसरी असं चालत नाही. पदवी-कार्यक्रमाच्या मूल्यमापन समितीने एकदा ठरवावं, लिहून ठेवावं आणि सगळ्या शीट त्याच नियमाने चालवाव्यात.

थ्रेशोल्ड म्हणून आपल्याच वर्गाची सरासरी घेऊ नका. सरासरीच्या वर साधारण निम्मेच असतात, वर्ग कितीही चांगला शिको. मग ६० टक्क्यांची पहिली पातळीही सहसा ओलांडली जात नाही आणि सुधारणा कधी दिसतच नाही. विद्यापीठाची सरासरी ही वेगळी गोष्ट. ती बाहेरची आहे, ती चालते.

विद्यापीठ परीक्षेचे गुण

संलग्न महाविद्यालयाला प्रश्ननिहाय गुण मिळत नाहीत, एकूणच मिळतात. पण एकूण असले तरी ते सगळ्या सीओंना सरसकट चिकटवू नका. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये ३० गुणांची इन-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) पहिल्या दोन युनिटवर आणि ७० गुणांची एंड-सेम (सत्रअखेरची) पुढच्या चार युनिटवर असते. युनिटमागे एक सीओ असेल तर सीओ१ आणि सीओ२ ला इन-सेमचीच पातळी लागते. एंड-सेमचा त्यांच्याशी संबंध नाही. तरीही १०० पैकी गुण घेऊन सहाही सीओंना एकच आकडा दिलेल्या शीट सर्रास दिसतात.

एसएआरच्या नमुन्यात विद्यापीठ परीक्षेला ८० टक्के आणि अंतर्गतला २० टक्के भार धरून दाखवला आहे. आपल्या उदाहरणात इन-सेमला लेव्हल १ आली आणि चाचणीत २, तर सीओ२ होतो ०.८ अधिक ०.४, म्हणजे १.२. सुरुवातीचा आकडा तो हाच.

टर्मवर्क, म्हणजे सत्रभरातल्या प्रयोगांचे आणि कामाचे गुण, हा वेगळाच प्रकार. २५ पैकी २० ते २४ मध्येच सगळा वर्ग बसत असेल तर लेव्हल कायम ३ येणार, आणि शेजारी थिअरीचा निकाल ४५ टक्के असेल तर एक्सपर्ट पहिलं बोट तिथे ठेवणार. यावर उपाय म्हणजे प्रयोगागणिक रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता: जोडणी आणि रीडिंग, आकडेमोड, आलेखाचा अर्थ, तोंडी प्रश्न. प्रत्येक पातळीवर 'चांगलं', 'उत्तम' असं न लिहिता दिसणारी गोष्ट लिहा: 'आलेखातला उतार काढला, पण सैद्धांतिक किमतीपासून फरक का आला ते सांगता आलं नाही – २ गुण'.

प्रोजेक्टमध्येही असंच. चौघांच्या गटाला चौघांनाही ४३ गुण दिले असतील तर 'वैयक्तिक आणि सांघिक काम' हा पीओ मोजलाच गेला नाही. लॉगबुकात कुणी काय केलं त्याची नोंद, रिव्ह्यूमध्ये प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर एक प्रश्न आणि गटातल्यांनी एकमेकांना दिलेले गुण, एवढ्यातून चार वेगळे आकडे निघतात. संवाद, एथिक्स, आर्थिक व्यवस्थापन, आजीवन शिक्षण या पीओंचा भार तसाही प्रोजेक्ट, सेमिनार आणि इंटर्नशिपवरच असतो. ती रुब्रिक्स वर्षाच्या सुरुवातीला मुलांच्या हातात द्या.

सीओवरून पीओ

सहा सीओंची अटेनमेंट समजा १.४, १.२, २.०, १.८, २.२, १.८ आणि पीओ१ शी मॅपिंग ३, ३, २, ३, २, १. गुणाकारांची बेरीज २३.४. इथून दोन वाटा फुटतात. मॅपिंगच्या बेरजेने, म्हणजे १४ ने, भागलं तर १.६७ येतं. ही भारित सरासरी. जास्तीत जास्त मॅपिंगने, सहा गुणिले तीन म्हणजे १८ ने, भागलं तर १.३०. दोन्ही वापरात आहेत. पण दुसऱ्या वाटेने प्रत्येक सीओला पूर्ण ३ मिळाले तरी पीओ १४ गुणिले ३ भागिले १८, म्हणजे २.३३ च्या वर जाऊच शकत नाही. सगळ्या पीओंना सरसकट २.० लक्ष्य ठेवणाऱ्या डिपार्टमेंटची इथे फसगत होते. ज्या पीओचं मॅपिंगच सरासरी १ आहे त्याचं छत १.० वर आहे, तिथे २.० कधीच गाठलं जाणार नाही. आधी छत काढा, मग लक्ष्य.

पूर्ण पदवी-कार्यक्रमाच्या पातळीवर सरासरी घेताना तो पीओ ज्या विषयांत मॅप झालाय तेवढ्याच विषयांनी भागा. थेट द्वितीय वर्षात आलेल्या डिप्लोमाच्या मुलांचे प्रथम वर्षाचे गुण नसतात, त्यामुळे त्या विषयांची मुलसंख्या वेगळी दिसते. तशी टीप शीटवरच लिहा. अप्रत्यक्ष मूल्यमापन, म्हणजे एक्झिट सर्व्हे (पदवी संपताना मुलांना दिलेली प्रश्नावली), माजी विद्यार्थी, कंपन्या, यांना २० टक्क्यांपेक्षा जास्त भार देऊ नये. 'तुम्ही समाधानी आहात का' असल्या प्रश्नांना सगळे पाच देतात. त्याऐवजी एकेका पीओवर एकेक प्रश्न विचारा.

लक्ष्य चुकलं तर

लक्ष्य आधीच्या तीन वर्षांच्या आकड्यांवरून, सत्र सुरू होण्यापूर्वी आणि तारखेसह ठरवा. चुकणं हा गुन्हा नाही. सगळे विषय सगळी वर्षं लक्ष्य गाठतात हेच जास्त संशयास्पद. चुकल्यावर मात्र 'जादा तास घेतले', 'असाइनमेंट दिल्या' हे शेरे चालत नाहीत. सीओ२ १.२ वर अडला असेल तर उत्तरपत्रिका काढा, मुलं कुठे अडली ते मोजा. वरच्या प्रश्नात त्रिज्येऐवजी व्यास धरला होता की १५ मिलिमीटर काढूनही अर्थ लावता आला नाही? पहिलं असेल तर एका ट्युटोरियलचं काम आहे, दुसरं असेल तर शिकवण्याचा क्रम बदलायला हवा. नोंद अशी असावी: 'इन्सुलेशनची जाडी आणि ऱ्हास यांचा आलेख मुलांकडून काढून घेतला, दोन तास, पुढच्या तुकडीत त्याच प्रकारच्या प्रश्नावर पुन्हा मोजणी'. आणि पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये ती मोजणी खरोखर असावी. ती नसेल तर सतत सुधारणेचा निकष तिथेच अडतो.

व्हिजिटआधी प्रत्येक विषयाच्या फाइलमध्ये प्रश्नपत्रिका, आदर्श उत्तरं, उपप्रश्ननिहाय गुणयादी आणि चांगली, मध्यम, कमजोर अशा उत्तरपत्रिकांच्या प्रती एकत्र ठेवा. मग दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला बोलवा, शीटमधला कुठलाही एक आकडा त्याने निवडावा आणि विषयशिक्षकाने तो घड्याळ लावून उत्तरपत्रिकेच्या पानापर्यंत नेऊन दाखवावा.