पांढरीवरून कागदावर: तालुक्याच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाचा अहवाल लिहिताना

तालुक्यातली चाळीस-पन्नास गावं पालथी घातली, खापरांच्या पिशव्या भरल्या, की अवघड काम संपलं असं एम.ए.च्या विद्यार्थ्याला वाटतं. प्रबंध अडतो तो त्यानंतर. मार्चमध्ये वहीत लिहिलेलं 'ओढ्याजवळचं टेकाड' जूनमध्ये उघडलं की ओढा कुठला, हेच कळत नाही. म्हणून प्रत्येक स्थळाची नोंद त्याच दिवशी, मुक्कामावर बसून पूर्ण करायची. अहवाल म्हणजे बहुतांशी या नोंदींची नीट लावलेली जुळणी.

सुरुवात गावाच्या नावापासून. खुर्द की बुद्रुक, हे न लिहिल्याने दोन स्थळांचं एक झालेलं किंवा एकाचीच दोनदा मोजणी झालेली दिसते. गाव, तालुका, जिल्हा यांच्यासोबत जनगणनेतला गावाचा क्रमांक द्यावा आणि लोक त्या जागेला काय म्हणतात तेही: पांढरी (जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचं टेकाड), गढी, जुनं गावठाण. जुने अहवाल चाळताना जिल्हे बदललेत हे ध्यानात ठेवा. जालना 1981 मध्ये औरंगाबादमधून निघाला, लातूर 1982 मध्ये उस्मानाबादमधून, नंदुरबार 1998 मध्ये धुळ्यातून. आज नंदुरबारमध्ये असलेलं स्थळ जुन्या यादीत धुळ्याखालीच सापडणार.

अक्षांश-रेखांशांत एक चूक हमखास होते. 19.50 अंश म्हणजे 19 अंश 30 मिनिटं, 50 मिनिटं नव्हे. हा घोटाळा झाला की स्थळ सुमारे 37 किलोमीटर उत्तरेला सरकतं, म्हणजे बहुधा दुसऱ्याच तालुक्यात. दशांश अंशांत दशांशचिन्हानंतर चार अंक लिहिले तर अचूकता दहा-अकरा मीटरची येते, आणि टेकाडासाठी ती पुरते. जुन्या टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे) एव्हरेस्ट प्रमाणावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर चालतो; अक्षांश-रेखांश मोजण्याची ही दोन वेगळी प्रमाणं. एकातले आकडे दुसऱ्यावर तसेच बसवले तर स्थळ जागचं हलतं. कोणतं प्रमाण वापरलं ते प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिहून टाका.

क्षेत्रफळ फुगवू नका. टेकाड 200 मीटर लांब, 150 मीटर रुंद. गुणाकार केला की 3 हेक्टर. पण टेकाड चौकोनी नसतं. लंबगोल धरलं तर ते 2.36 हेक्टरच भरतं. शिवाय नांगराने खापरं उतारावर पसरलेली असतात, त्यामुळे 'खापरांचा पसारा' आणि 'वस्तीचा थर' हे दोन वेगळे आकडे द्यावेत. थर दिसतो तो बहुधा खणलेल्या कडेला. पांढरीची माती घरांच्या धाब्यांसाठी आणि शेतात टाकायला पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली आहे. त्यातून उभी राहिलेली कड म्हणजे आयता छेद. तिची उंची टेपने मोजा, फोटोत मोजपट्टी ठेवा, राखेचे थर आणि खापरांचे थर खालून वर क्रमाने लिहा. टेकाडाचा किती भाग उरलाय हेही नोंदवा. पुढच्या माणसाला तिथे सपाट ऊस दिसण्याची शक्यता भरपूर आहे.

आता काळ ठरवण्याचा भाग. सगळ्यात जास्त घसरगुंडी इथे होते. लाल लेपावर काळी भौमितिक नक्षी, पातळ आणि खणखणीत वाजणारं खापर, सोबत तोटीचं भांडं किंवा कंगोरेदार वाडगा असेल तर 'जोर्वे' म्हणायला हरकत नाही. प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरूनच ताम्रपाषाण काळातल्या (तांब्याची आणि दगडाची अवजारं सोबत वापरली जाण्याच्या) या खापरांना हे नाव पडलं. पण नुसतं काळं-तांबडं खापर मिळालं तर थांबा. ते ताम्रपाषाण काळातही येतं, विदर्भातल्या महापाषाणीय (मोठ्या दगडांची दफनं असलेल्या) स्थळांवरही आणि सातवाहन थरांतही. गारगोट्यांची सूक्ष्मास्त्रं (दगडाची बारीक पाती) मिळाली म्हणून स्थळ मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीपूर्वीच्या शिकारी काळातलं, ठरत नाही. इनामगाव, दायमाबादसारख्या शेतकरी वस्त्यांतही तशी पाती भरपूर आहेत. म्हणून तक्त्यात 'काय मिळालं' आणि 'त्यावरून काय वाटतं' असे दोन स्तंभ ठेवा. दुसऱ्यात 'बहुधा' लिहायला लाजू नये. परीक्षक पहिल्या स्तंभावरून स्वतःचं मत बनवतो, आणि वीस वर्षांनी मत बदललं तरी तो स्तंभ खराच राहतो.

खापरं गोळा करताना सगळे नक्षीदार तुकडेच उचलतात आणि मग अहवालात प्रत्येक स्थळ नक्षीकामाचं केंद्र असल्यासारखं वाटतं. निदान दोन-तीन ठिकाणी 2 बाय 2 मीटरचा चौकोन आखून त्यातली झाडून सगळी खापरं मोजा, साधी-जाडी धरून. चौरस मीटरला किती, हा आकडा येतो तो त्यातूनच.

न सापडल्याचीही नोंद हवी. ज्वारी उभी असताना चाललात तर जमीनच दिसली नाही. ते 'स्थळ नाही' होत नाही. दोन चालणाऱ्यांत 10 मीटर अंतर आणि प्रत्येकाची नजर दोन्ही बाजूंना एकेक मीटर, म्हणजे शिवाराचा पाचवा हिस्साच पाहिला. हे नकाशावर वेगळ्या रंगात दाखवलं नाही, तर नदीकाठी दाट वस्ती आणि माळावर शून्य असा निष्कर्ष निघतो. खरं कारण एवढंच असतं की माळावर कुणी फिरकलंच नाही.

चित्रांसाठी भांड्यांच्या काठाचे तुकडे निवडा. काठ पूर्ण वर्तुळाच्या पाच टक्क्यांहून कमी उरला असेल तर व्यासाचा आकडा देऊ नका. चित्राखाली '1:3' लिहून भागत नाही, छापताना आकार बदलतो. सेंटिमीटरची पट्टी चित्रातच काढा.

गावकऱ्याने घरातलं नाणं दाखवलं तर वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. विकत घेऊ नका, आणि त्याचं नाव-घर छापील अहवालात घालू नका.

शेवटी पिशव्या. पिशवीत एक चिठ्ठी, पिशवीवर दुसरी, आणि प्रत्येक महत्त्वाच्या खापरावर आतल्या बाजूला स्थळाचा सांकेतिक क्रमांक, वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात. हाच क्रमांक तक्त्यात, चित्रात आणि फोटोच्या फाइलच्या नावात अक्षर न अक्षर सारखा हवा. बाहेरची चिठ्ठी उंदीर खातात.