जमशेदजी दाखवायचे तर आधी तलाव दाखवा

माझे आजोबा जमशेदजींनी नागपुरात काढलेल्या एम्प्रेस या कापड मिलच्या साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. त्यामुळे उन्हाळ्यात जमलेल्या पोरांना जमशेदजी टाटा 'दाखवायचं' काम दरवर्षी माझ्याकडेच येतं. पहिल्या वर्षी मी जन्मतारखेपासून सुरुवात केली, दहा मिनिटांत सगळी पोरं गोळेवाल्याच्या गाडीवर. तेव्हापासून असं करतो.

सकाळी सातच्या आत गांधीसागरच्या काठावर पोचा. म्हातारी मंडळी त्याला अजून जुम्मा तलावच म्हणतात. जन्मगाव नवसारी वगैरे राहू द्या, आधी चिखल सांगा. चिंचपोकळीत मिल चालवून पाहिलेला हा माणूस १८७४ मध्ये नागपूरसाठी कंपनी काढतो आणि तलावाजवळची पाणथळ जागा घेऊन तिच्यात माती ओतत बसतो. पैसे मागितले तेव्हा एक मारवाडी सावकार म्हणाला म्हणे, मातीत सोनं घालायला मी नाही देत. मिल चालल्यावर त्यानेच कबूल केलं: यानं माती घातली नि सोनं काढलं.

मुंबई सोडून इथं काहून, हे पोरांनाच विचारा. आजूबाजूचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा, १८६७ला आलेली रेल्वे. दोन तरी ओळखतात.

मग खिशातून वातीचा कापूस आणि पेन्सिल काढा. चिमटीत ओढत पीळ द्यायला लावा, थांबून तेवढा धागा पेन्सिलीवर गुंडाळायला लावा, पुन्हा पीळ. हा झाला म्यूल, म्हणजे असं थांबत थांबत सूत कातणारं जुनं यंत्र. आता म्हणा, न थांबता दोन्ही एकदम कर. धागा तुटतो, पोरगं चिडतं. हेच एकदम करणारं रिंगचं यंत्र एम्प्रेसनं लवकर आणलं, इंग्लंडातलं कापडगिरण्यांचं लँकेशायर मात्र म्यूललाच धरून होतं. इथं घाई करू नका. माझ्या भाचीनं चौथ्या खेपेला वीतभर सूत काढलं, ते अजून तिच्या कंपासात आहे.

कोणीतरी हमखास विचारतं, "ते इराणचे सरदार होते ना?" नाही बाप्पा. पूर्वज इराणचे खरे, पण ते शेकडो वर्षांपूर्वी गुजरातेत आलेले. घराणं पारशी पुरोहितांचं, जन्म १८३९चा.

तारखा मिलच्या जागेवर झालेल्या मॉलकडे चालताना सांगून टाका. १ जानेवारी १८७७ला मिल सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी, म्हणजे एम्प्रेस, जाहीर झाली, म्हणून हे नाव. १८८६ला कामगारांचा पेन्शन फंड, १८९५ला अपघाताची भरपाई. १९०४ला जमशेदजी जर्मनीत वारले. मिल २००२ला बंद पडली.

नऊच्या आत परत फिरा. मे महिन्यात त्यानंतर काठावर उभं राहवत नाही.