अनोळखी चवीचे आइस्क्रीम आणि फ्रोजन योगर्ट नीट कसे चाखावे

हिरव्या मिरचीचे, पेरू-तिखटाचे, विड्याच्या पानाचे किंवा आल्याचे आइस्क्रीम महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत आता सहज मिळू लागले आहे. मुंबईत चौपाटीसमोरचे ‘बॅचलर्स’ हिरव्या मिरचीच्या आइस्क्रीमसाठी ओळखले जाते, १९८४ मध्ये रघुनंदन कामत यांनी जुहूला सुरू केलेल्या ‘नॅचरल्स’ने सीताफळ, शहाळे यांसारख्या फळांची चव लोकांच्या अंगवळणी पाडली, आणि व्हेनेझुएलातील मेरिदा शहरातल्या ‘एलादेरिया कोरोमोतो’ या दुकानाने तर ८०० हून अधिक चवींसाठी गिनीज बुकात नोंद मिळवली, ज्यांत लसणाची आणि माशाचीही चव होती. अशी चव समोर आली की बहुतेक जण एक चमचा तोंडात घालतात, भुवया उंचावतात, ‘वेगळे आहे’ असे म्हणतात आणि पुढच्या कपाकडे वळतात. त्या पहिल्या चमच्यात आश्चर्य तेवढे कळते. ते ओसरल्यावर जिभेवर काय उरते याचा शोध घेणे हे चाखण्याचे खरे काम आहे, आणि ते घरी पाच-सहा माणसांत साध्या साधनांनी करता येते.

या कामात सर्वांत मोठा अडथळा पदार्थाच्या नावाचा असतो. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना धूर दिलेल्या सॅमन माशाचे आइस्क्रीम खायला दिले होते. ज्यांना ‘हे आइस्क्रीम आहे’ असे सांगितले होते त्यांना ते अतिशय नकोसे आणि जास्त खारट वाटले. ज्यांना तोच पदार्थ ‘गोठवलेले खारे मूस’ (मूस म्हणजे फेटून हलका केलेला मऊ पदार्थ) म्हणून दिला होता त्यांनी तो बऱ्यापैकी स्वीकारला. पदार्थ एकच असूनही मनातील अपेक्षेप्रमाणे त्याचा खारटपणासुद्धा कमी-जास्त भासला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘मिरचीचे आइस्क्रीम’ हे शब्द ऐकताच आपली जीभ ठसक्याच्या तयारीला लागते आणि त्यात असलेले दूध, साय किंवा मिरचीचा हिरवा वास यांकडे तिचे लक्षच जात नाही. म्हणून नाव आधी लपवायचे आणि शेवटी सांगायचे, हा पहिला नियम.

त्यासाठी घरातील एका व्यक्तीने चाखणाऱ्यांमधून बाहेर राहून वाढण्याचे काम घ्यावे. तिने सर्व नमुने एकसारख्या पांढऱ्या वाट्यांत किंवा कागदी कपांत काढावेत आणि प्रत्येकावर ४१७, ८५२, २६९ असे कोणतेही तीन अंकी आकडे लिहावेत. १, २, ३ किंवा अ, ब, क अशा खुणा टाळाव्यात, कारण पहिला क्रमांक आपोआप चांगला वाटतो. कोणत्या आकड्याखाली काय आहे याची यादी तिच्याकडेच राहावी. रंगाने चव ओळखू येत असेल, आणि विड्याच्या पानाच्या हिरव्यागार आइस्क्रीमच्या बाबतीत ती हमखास येतेच, तर पहिला चमचा डोळे मिटून घ्यावा. प्रत्येक नमुना तीन लहान चमच्यांपुरता, म्हणजे सुमारे २५ ते ३० ग्रॅम असला की पुरे. एका बैठकीत सहाच्या वर नमुने ठेवू नयेत. गार साखर आणि स्निग्धांश यांनी जीभ लवकर थकते आणि सातव्या वाटीविषयीचे मत बहुधा त्या थकव्याचेच असते.

खरेदी करताना डब्यावरील मजकूर वाचण्याची सवय ठेवावी. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार नेहमीच्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के आणि एका लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे लागते. वनस्पतीजन्य तेल वापरले असेल तर त्याला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते. चाखणाऱ्याला याचा थेट उपयोग होतो. वास देणारे बरेचसे घटक स्निग्धांशात विरघळतात आणि तो वितळेल तसतसे मोकळे होतात, त्यामुळे स्निग्धांश कोणता व किती यावर चव हळूहळू उमलणार की झटकन येऊन जाणार हे ठरते. वजनावरून आत घोटलेली हवा किती आहे त्याचा अंदाज येतो. एका कंपनीचा ५०० मिलिलिटरचा डबा २७० ग्रॅमचा आणि दुसरीचा ३८० ग्रॅमचा असेल, तर पहिल्यात हवा जास्त आहे हे उघड आहे, आणि हलके आइस्क्रीम तोंडात कमी गार पण चवीलाही काहीसे विरळ लागते. त्यामुळे मिरचीची तुलना मिरचीशी करायची असेल तर शक्यतो एकाच प्रकारचे डबे निवडावेत.

तापमानाकडे घराघरांत सर्वाधिक दुर्लक्ष होते. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंश सेल्सिअसला असतो आणि त्या तापमानाला काढलेले आइस्क्रीम जिभेला बधिर करते. गार पदार्थाचा गोडवा मुळातच कमी जाणवतो, कारण गोड चव ओळखणाऱ्या पेशींमधील संदेश पुढे नेणारा एक महत्त्वाचा दुवा थंडीत मंदावतो. वितळलेले आइस्क्रीम आपल्याला असह्य गोड लागते ते त्यामुळेच. वासाचेही तसेच आहे, कारण थंडीत सुगंधी घटक हवेत कमी उडतात. चाखण्यासाठी उणे १२ ते उणे १४ अंश हे तापमान सोयीचे असते. थर्मामीटर नसेल तर अर्ध्या लिटरचा डबा दहा-पंधरा मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. कडा किंचित मऊ झाल्या, चमचा जोर न लावता आत गेला, पण वाटीत ओघळ दिसत नाही, ही योग्य वेळ समजावी. सगळे नमुने एकाच वेळी बाहेर काढून एकाच वेळी वाढणे आवश्यक आहे, अन्यथा आपण चवींऐवजी तापमानांची तुलना करीत बसतो. डबे दुकानातून आणतानाही बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या पेटीत आणावेत, कारण वाटेत अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या आइस्क्रीममध्ये बर्फाचे मोठे कण तयार होतात आणि त्याचा दोष विनाकारण बनवणाऱ्याच्या माथी येतो.

आता प्रत्यक्ष चाखणे. सुरुवातीला सर्वांनी साधे व्हॅनिला किंवा मलई आइस्क्रीम एक चमचा घ्यावे. त्याला गुण द्यायचे नाहीत. जीभ थंडीला सरावावी आणि पहिल्या नमुन्याला मिळणारा अवाजवी फायदा टळावा एवढाच त्याचा हेतू. नंतर नमुना हातात घेऊन पृष्ठभाग पाहावा, चमच्याच्या पाठीने दाबून त्याचा पोत बघावा आणि थोडासा भाग वाटीच्या कडेला मऊ होऊ देऊन त्याचा वास घ्यावा. पहिला चमचा नाक चिमटीत धरून तोंडात घ्यावा. या अवस्थेत फक्त गोड, आंबट, खारट, कडू, तिखट आणि गारवा एवढेच कळते. तीन-चार सेकंदांनी नाक सोडावे. घशामागून वर जाणारा वास एकदम नाकात पोहोचतो आणि ‘हे आले आहे’, ‘हा केवडा आहे’ हे त्या क्षणी उमगते. फळ, मसाला, फूल यांची ओळख मुख्यतः वासाने होते हे समजून घ्यायला याहून सोपी रीत मला ठाऊक नाही, आणि लहान मुलांना तर ती फार आवडते.

दुसरा चमचा जिभेने टाळूवर हलकेच दाबून पसरू द्यावा आणि तो कसा विरघळतो याकडे लक्ष द्यावे. करकरणारे कण बर्फाचे असतात व ते चटकन नाहीसे होतात; वाळूसारखे बारीक कण टिकून राहिले तर ते बहुधा दुधातील साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे स्फटिक असतात आणि जुन्या मालाची ती खूण आहे. चिकट, ताणला जाणारा पोत घट्टपणा आणणारा पदार्थ जास्त झाल्याचे सांगतो. गिळल्यानंतर अर्धा मिनिट काहीही न बोलता थांबावे. कृत्रिम अर्क वापरलेल्या चवी पुष्कळदा पहिल्याच क्षणी जोरात येतात आणि मागे काही ठेवत नाहीत. विड्याच्या पानाच्या आइस्क्रीममध्ये हा फरक चांगला दिसतो: केवळ अर्काच्या आइस्क्रीममध्ये बडीशेप आणि गुलकंदाचा गोडवा येऊन संपतो, तर खरे पान वाटून घातले असेल तर शेवटी घशाशी पानाचा किंचित उग्र, लवंगेच्या अंगाने जाणारा ठसका उरतो. अमेरिकेतील ‘ड्रायर्स’ कंपनीचे प्रसिद्ध चवपारखी जॉन हॅरिसन, ज्यांच्या जिभेचा दहा लाख डॉलरचा विमा उतरवला होता, धातूची चव मध्ये येऊ नये म्हणून सोन्याचा मुलामा दिलेला चमचा वापरीत. आपल्याला स्टीलचा स्वच्छ चमचा चालतो. लाकडी चपटे चमचे मात्र टाळावेत, कारण त्यांचा स्वतःचा वास नाजूक चवीत मिसळतो.

दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाणी प्यावे. थंड पाण्याने टाळूवरील स्निग्ध थर निघत नाही. सोबत बिनमिठाचे साधे बिस्किट किंवा पोळीचा तुकडा चालेल. क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा: आधी दूध, नारळ, सीताफळ, मग आंबटसर फळे, त्यानंतर फुले आणि मसाले, आणि मिरची सर्वांत शेवटी.

मिरचीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तिच्याबद्दल सर्वाधिक चुकीची मते ऐकू येतात. मिरचीतील तिखट घटक, कॅप्सेसिन, स्निग्धांशात विरघळतो, आणि त्याची आग जाणवून देणारी तोंडातील संवेदना उष्णतेचीच असल्यामुळे थंडीत ती दबलेली राहते. म्हणून हे आइस्क्रीम तोंडात जाताना निव्वळ गोड आणि गार लागते आणि गिळताना किंवा त्यानंतर काही सेकंदांनी घशात जळजळ उठते. पहिल्या चमच्यावर ‘हे तिखटच नाही’ असे जाहीर करणारा माणूस दुसऱ्या चमच्याला ठसकतो तो यामुळे. दोन चमच्यांत किमान दोन मिनिटे जाऊ द्यावीत आणि जळजळ शमवायला पाण्याऐवजी दूध घ्यावे, कारण दुधातील केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला बांधून ठेवते. गुण देताना मी तिखटपणाच्या प्रमाणापेक्षा मिरचीच्या वासाला जास्त महत्त्व देतो. ताज्या हिरव्या मिरचीला कच्च्या ढोबळी मिरचीच्या जवळचा एक रसरशीत वास असतो. तो सायीच्या चवीतून आधी जाणवला आणि आग मागाहून आली, तर ते आइस्क्रीम विचारपूर्वक केलेले आहे. पेरूच्या आइस्क्रीमवर दुकानदार वरून तिखट-मीठ भुरभुरतात, ते पहिल्या चमच्यापुरते बाजूला ठेवायला सांगावे, म्हणजे खाली पेरू किती आहे हे कळेल.

फ्रोजन योगर्टचा निकष वेगळा लावावा लागतो. त्यात आंबटपणा हा दोष नसून पाया आहे, आणि मराठी माणसाच्या जिभेला त्याचे माप आधीपासून माहीत आहे, कारण श्रीखंडासाठी चक्का चाखताना आपण नेमके हेच पाहतो: आंबटपणा ताजा, स्वच्छ आहे की जुन्या दह्याचा, नाकाला झोंबणारा. म्हणून कोणत्याही दुकानात प्रथम बिनचवीचे, साधे योगर्ट वरचे काहीही न घालता मागावे. ते चांगले नसेल तर त्याच दह्यावर बेतलेल्या इतर चवी चांगल्या निघण्याची शक्यता कमी असते. मशीनमधून पिळून दिले जाणारे योगर्ट आइस्क्रीमपेक्षा बरेच कमी गार असते, त्यामुळे ते लगेच, दुकानातच चाखावे. घरी नेऊन गोठवले की त्याचा पोत बदलतो. जांभूळ, करवंद, कोकम अशा चवींत तुरटपणा किती टिकला आहे हे मुद्दाम पाहावे. दुधातील प्रथिने तुरट घटकांना बांधून त्यांचा जोर कमी करतात, त्यामुळे जांभळाचा रंग आला पण जीभ जराही आकसली नाही असे पुष्कळदा घडते. माझ्या दृष्टीने तो अपुरा प्रयत्न होय. जांभूळ खाल्ल्याची खूण जिभेवर राहिलीच पाहिजे.

प्रत्येकाने आपली नोंद एकमेकांशी न बोलता लिहावी, कारण घरातील मोठ्या माणसाने ‘छे’ म्हटले की बाकीच्यांचे गुण घसरतात. नोंदीचे दोन भाग करावेत. एका भागात पदार्थ कसा बनला आहे ते लिहावे: पोत, ताजेपणा, ज्या चवीचा दावा आहे ती ओळखू येते का, गोडवा तिला झाकतो का. दुसऱ्या भागात स्वतःला तो आवडला का ते १ ते ९ या मापावर लिहावे. १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे तटस्थ, ९ म्हणजे अतिशय. हे दोन भाग वेगळे ठेवल्याने कारल्याचे किंवा लसणाचे आइस्क्रीम आपल्याला आवडले नाही तरी ते उत्तम बनवले आहे असे प्रामाणिकपणे म्हणता येते. सर्वांचे लिहून झाल्यावर वाढणाऱ्याने नावे सांगावीत आणि प्रत्येकाने उरलेला एक चमचा नाव माहीत असताना खाऊन पुन्हा गुण द्यावेत. ज्या चवीच्या दोन आकड्यांत मोठा फरक पडेल, तिच्यावर चर्चा करावी. संध्याकाळचा सर्वांत रंजक भाग तोच असतो.

दोन दुकानांचे एकाच चवीचे आइस्क्रीम खरोखर वेगळे आहे की ते केवळ नावामुळे वाटते, हे तपासायचे असेल तर तीन वाट्या भराव्यात, दोहोंत एकाचे आणि तिसरीत दुसऱ्याचे, आणि वेगळी वाटी कोणती ते विचारावे. केवळ अंदाजानेही सरासरी तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येते, त्यामुळे सहांपैकी दोघांनी ओळखले तर फरक सिद्ध झाला असे मानू नये.

दुकानात उभ्याने चाखायचे असेल तर गर्दीची वेळ टाळावी, दोन-तीनच चवी मागाव्यात, प्रत्येक वेळी नवा चमचा घ्यावा आणि निदान एक कप विकत घ्यावा. घरी पाहुण्यांना वाढण्यापूर्वी काजू, बदाम, पिस्ता, शेंगदाणे किंवा दूध यांची कोणाला ॲलर्जी आहे का ते अवश्य विचारावे. नावे लपवली असल्याने ही जबाबदारी पूर्णपणे वाढणाऱ्याची आहे. सक्रिय कोळसा घातलेले काळे आइस्क्रीम नियमित औषधे घेणाऱ्यांना देऊ नये, कारण तो कोळसा औषधही शोषून घेऊ शकतो. डब्यात उरलेल्या आइस्क्रीमच्या पृष्ठभागावर बटर पेपर चिकटवून झाकण घट्ट लावावे आणि डबा फ्रीझरच्या दारापासून दूर, आतल्या बाजूला ठेवावा. वाट्यांत पूर्ण वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवू नये.